हत्तीच तेवढा उरला

१. जिन्यातली बातमी

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता अकरांपैकी दहा गोष्टी नाहीशा झाल्याचं उघडकीला आलं. उरलेल्या एकीत हत्ती होता.

वाटाडीला ही बातमी जिन्यातच कळली. सात महिन्यांची रजा संपवून ती त्याच दिवशी कामावर रुजू होत होती. एका खांद्यावर पर्स होती, दुसऱ्या खांद्यावर लेकीने निघता निघता दिलेला दुधाचा पांढरा शिक्का. रात्रीत चार वेळा उठून झालं होतं, त्यामुळे आपण जिना चढतोय की उतरतोय हेही तिला क्षणभर आठवावं लागलं.

"आलात? बरं झालं!" साहेब वरच्या पायरीवरूनच म्हणाले. "चोरी झालीय. मावशींचा आवाज चोरीला गेलाय."

हे ऐकण्याचं ग्रंथालय होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, त्यातली एक आवाजबंद. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी, आणि दवाखान्यात महिनोन्महिने पडून असलेल्या लेकरांसाठी, इथे पुस्तकं आणि गोष्टी रेकॉर्ड होत. त्यातल्या सगळ्यात लाडक्या गोष्टी गोष्टीमावशींच्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी अकरा गोष्टी सांगितल्या. मग गळ्याला गाठ आली, तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं, आणि आता त्या पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईल, पण तोच येईल असं धरून चालू नका.

म्हणजे त्या अकरा गोष्टी पुन्हा रेकॉर्ड होणं शक्य नव्हतं. संध्याकाळी त्या चाळीस दवाखान्यांकडे रवाना व्हायच्या होत्या, आणि त्याआधी पाचला पहिली गोष्ट ऐकायला मावशी स्वतः येणार होत्या.

"त्यांना कळलंय?"

"छे! गळ्याला टाके आहेत, धक्का नको. पाचपर्यंत चोर सापडला पाहिजे." साहेबांनी आवाज खाली आणला. "किल्ली तिघांकडे. माझ्याकडे, आवाजकाकांकडे आणि त्या भारदस्तकडे. तुम्ही एकट्याच सात महिने इथे नव्हता, म्हणून तुमच्यावर संशय नाही. तपास तुम्हीच करा."

हे वाक्य पुढे साहेबांना फार दिवस छळणार होतं.

२. वाटाड्या

तिला वाटाडी म्हणायचे ते वाटाड्यामुळे. वाटाड्या हे तिचं थोरलं अपत्य. लेकीच्या आधी तीन महिने जन्मलेलं.

संगणकात प्रत्येक फाइलीला पत्ता असतो, अमक्या कपाटातला तमका कप्पा. आधी ग्रंथालयात हे पत्ते म्हणजे नुसत्या अक्षरांच्या माळा होत्या. कुणीही तोडायचं, कुणीही जोडायचं, आणि मणी सांडले की एकमेकांकडे बघायचं. वाटाडीने पोट सांभाळत, खुर्ची मागे मागे सारत, फाइलींचे पत्ते सांभाळणारी एक लायब्ररी, म्हणजे संगणकासाठी तयार आज्ञांचा संच, लिहिली. तोच वाटाड्या. त्या लायब्ररीत पत्ता ही एक शहाणी वस्तू होती. त्याला विचारा, तुझी आई कोण? तो वरच्या कप्प्याकडे बोट दाखवी. तुझं नाव काय, आडनाव काय? सांगे. आडनाव म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरचं, ज्यावरून यंत्राला कळतं की हा आवाज आहे, चित्र आहे की मजकूर. त्याला म्हणावं, तुझ्यासारखाच, पण दुसऱ्या आडनावाचा पत्ता दे, की तोही तो हसतमुखाने देई.

"पत्ता विचारला म्हणून घर हलत नाही," ती सगळ्यांना समजावायची. "हलवा म्हटलं की मगच हलतं."

आवाजबंद खोलीतलं रेकॉर्डिंगचं जुनं यंत्र फाइलींना आडनावच लावत नसे. बाहेर पाठवण्याआधी सगळ्यांना ते लावायचं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाजतील, एवढंच वाटाड्याचं काम. ती रजेवर गेली आणि ते राहून गेलं. शेवटी साहेबांनी शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या हाताने वाटाड्या चालवला.

"मग काय झालं?" तिने विचारलं.

"काय व्हायचंय? तुमचा वाटाड्या गुणाचा. हे बघा."

नोंदीत लिहिलं होतं: अकरा घेतल्या, अकरा पोचवल्या, अडचण शून्य.

तिला आईसारखा अभिमान वाटला. म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत गोष्टी सुखरूप होत्या. चोरी त्यानंतरची.

"आणि जपून ठेवलेली दुसरी प्रत?"

साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर त्यांच्या नियमांच्या पाट्या ओळीने लावलेल्या होत्या. नियम तीन: रेकॉर्डिंग इमारतीबाहेर नेणाऱ्यास तत्काळ निरोप. नियम चार: एका गोष्टीची एकच प्रत ठेवावी, पसारा करू नये.

कप्पा उघडला तर आत एकच फाइल होती. नाव नुसतं "गोष्ट". वाजवली. मावशींचा मऊ, किंचित खरखरीत आवाज खोलीभर पसरला. हत्तीला एकदा सर्दी झाली...

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं ऐकलं होतं," साहेब म्हणाले. "इथे चोराने हत्तीच ठेवला!"

३. तीन जबाब

भारदस्त पहिला आला. खरं तर त्याचा आवाज आधी आला, तो मागून. जाडजूड ग्रंथ वाचणारा हा मनुष्य "दार लावा" म्हणाला तरी कुणीतरी राज्य जिंकल्यासारखं वाटे.

"माझ्यावर संशय घेताय?" तो गरजला.

"घेतेय. मावशींच्या गोष्टी तुम्हाला हव्या होत्या ना?"

"हव्या होत्या! लपवतो कशाला? पण मी ससा वाचला तेव्हा ऐकणारी सगळी पोरं रडायला लागली. ससा सिंहासारखा बोलतो म्हणे." त्याने मोठा उसासा टाकला. "आणि त्या मावशी! बाटलीभर मध चाटल्याशिवाय तोंड उघडत नसत. पहिल्याच दिवशी अख्खी बाटली टेबलावर उपडी केली. काका आठवडाभर पुसत होते. तरी लोक म्हणणार, काय आवाज, काय आवाज! मध तर मीही खातो."

"रविवारी कुठे होता?"

"घरी. बायको सांगेल. शेजारीही सांगतील. समोरच्या इमारतीतलेही सांगतील."

हे मात्र खरं असणार.

आवाजकाकांच्या दारावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती: "आत.काम.चालू.आहे.गप्प.बसा." इथली सगळी रेकॉर्डिंग काकाच करत; आता निवृत्तीला टेकलेले. बोलणं कमी, कान तीक्ष्ण. कुणाच्या पोटात भूक गुरगुरली तरी मान वर करणारे. साहेब वाटाडीच्या मागे छडी नसलेल्या मास्तरांसारखे येऊन उभे राहिले आणि काकांचा चेहरा पडला.

"काका, कोणी आलं होतं का इथे?"

"नाही." उजवी भुवई वर.

"काही वेगळं आठवतंय?"

"मला... नाही." दोन्ही भुवया वर, मग खाली, मग डोळ्यांनी तिच्या पोटाकडे खूण. ती ओशाळली. बाळंतपणात चढलेलं वजन अजून उतरलं नव्हतं हे खरं, पण काकांनी असं दाखवावं?

"घाबरलेत," साहेब तिच्या कानाशी कुजबुजले. "बघा कसे चेहरे करतायत. चोर हाच. तीस वर्षांची नोकरी, पण पाच वाजता मला मावशींसमोर नाव सांगावंच लागेल."

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी वाटाडीला हेडफोन कसे लावायचे हे काकांनी शिकवलं होतं. पण भुवया तर खरंच खोटं बोलणाऱ्याच्या होत्या.

तिसरे संशयित साहेब स्वतः. "मी माझाच जबाब देतो," ते म्हणाले, आणि त्यांनी तो लेखी, तीन प्रतींत दिला.

एक वाजता तिने घरी फोन लावला.

"आई, झोपली का ती?"

"केव्हाच. सात मिनिटांत," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"सात? माझ्याकडे दीड तास घेते! करता काय तुम्ही?"

"आहे आमची युक्ती. म्हाताऱ्यांना सगळंच सांगायचं नसतं." मागून कुणा बाईचं संथ बोलणं ऐकू येत होतं.

"कोण आलंय?"

"कुणी नाही गं, माझी मैत्रीण. रोज येते, तू दुपारची झोपतेस तेव्हा. आणि ऐक, तुझी ती दवाखान्याची बॅग लेक सहा महिन्यांची झाली तरी तशीच पडली होती. शेवटी मीच उपसली मागच्या महिन्यात. केवढं काय काय कोंबलं होतंस! ठेव आता, उठेल ती."

फोन बंद झाला. वाटाडीला वाटलं, त्या मैत्रिणीचा आवाज कुठेतरी ऐकलाय. पण ज्या बाईला जिना चढतोय की उतरतोय हे आठवावं लागतं, तिने असल्या वाटण्यावर किती विसंबावं?

४. चिकटलेलं बटण

दुपारी काका जेवायला गेले तेव्हा ती त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. भिंतीवर त्यांच्या अक्षरात मावशींच्या गोष्टींची यादी होती, सांगितल्या त्या क्रमाने: ससा, विहीर, हत्ती, छत्री, मुंगी, अशा अकरा.

हत्ती तिसरा. चोराने पहिला ठेवावा, शेवटचा ठेवावा, सगळ्यात लांब किंवा सगळ्यात कंटाळवाणा ठेवावा. तिसराच का?

तिने कागदावर नावं अकारविल्हे लिहून पाहिली. कोडं अडलं की ती काहीतरी ओळीत लावून बघे. आंबा पहिला आला. हत्ती शेवटचा.

शेवटचा! वाटाड्यासुद्धा फाइली अकारविल्हेच हाती घेत असे. तिनेच तसं शिकवलं होतं, पोराला वळण असावं म्हणून.

तिने काकांचा कीबोर्ड पुढे ओढला आणि "हत्ती शेवटचा" असं टाइप करायला गेली. पडद्यावर उमटलं: हत्तीशेवटचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायचं लांब बटण दाबलंच जात नव्हतं. तिने जोर लावला तर बोट चिकटलं. बोट नाकाशी नेलं.

मध.

तिने मान वळवली. दारावरची चिठ्ठी. आत टिंब काम टिंब चालू टिंब आहे.

काकांनी तक्रार केली नव्हती. त्यांनी कधीच कशाचीच तक्रार केली नव्हती. बटण चिकटलं, तर शब्दांमध्ये जागेऐवजी टिंब द्यायचं. आठ महिन्यांत ती सवय पेनातसुद्धा उतरली होती. म्हणजे मावशींच्या गोष्टींची नावं "गोष्ट ससा", "गोष्ट विहीर" अशी नव्हती. "गोष्ट.ससा" होती, "गोष्ट.विहीर" होती.

आणि शेवटच्या टिंबानंतर जे येतं, त्याला वाटाड्या काय समजतो, हे या जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गुन्हेगार तिला सापडला होता. त्याला तिनेच जन्म दिला होता.

५. तिघांसमोर

साडेतीनला तिने तिघांनाही आवाजबंद खोलीत बोलावलं. त्याआधी दहा मिनिटं ती नुसतीच बसून होती. नोंद "अडचण शून्य" म्हणत होती. साहेबांनी चोर मनाशी ठरवलाच होता. ती गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण संध्याकाळी घरी जाऊन लेकीला मांडीवर घ्यायचं होतं, आणि तिला उद्या खरं बोलायला शिकवायचं होतं.

"चोर नाहीच," ती म्हणाली. "ऐका. ससा, विहीर, हत्ती, या सगळ्यांना वाटाड्याने आडनावं समजलं. त्याला हुकूम होता नवं आडनाव लावायचा. मग त्याने 'गोष्ट.आंबा'मधला आंबा काढला, नवं आडनाव लावलं आणि फाइल 'गोष्ट' या नावाने नव्या कप्प्यात नेऊन ठेवली. मग दुसरी आली. तिचंही आडनाव काढलं, नाव तेच उरलं. पत्ताही तोच."

"पण तिथे तर आंबा होता ना?" भारदस्तने विचारलं, चक्क हळू आवाजात.

"होता. वाटाड्याने दारही वाजवलं नाही. आतल्याला बाहेर काढून नवा भाडेकरू घुसवला. असं दहा वेळा. शेवटी हत्ती आला आणि तोच राहिला. अकरा घेतल्या, अकरा पोचवल्या. एकाच घरात."

"मग बाकीच्यांच्या फाइली कशा राहिल्या?" साहेब.

"मध सांडल्यानंतरच्या अजून वाटाड्याकडे गेल्याच नाहीत, आणि आधीच्यांच्या नावात टिंब नाही." ती साहेबांकडे वळली. "चूक माझी आहे. मी सगळं तपासलं, पण माझ्याच हाताने ठेवलेल्या नावांवर. नीटनेटक्या. खरी माणसं नावं कशी ठेवतात ते मी बघितलंच नाही. काकांचा यात काही दोष नाही, साहेब."

साहेबांनी बोटांवर हिशोब केला.

"म्हणजे दहा गोष्टी..." साहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"गेल्या."

आता रडू येणार होतंच. तेवढ्यात तिचं लक्ष काकांकडे गेलं. काकांच्या भुवया नाचत होत्या. आधी वर, मग खाली, मग डोळे तिच्या पोटाकडे, मग हातानं बॅग धरल्याची खूण, मग साहेबांकडे एक भेदरलेली नजर, मग नियम तीनच्या पाटीकडे.

"काका, तुम्हाला डोळ्यांचा काही त्रास..." असं म्हणता म्हणता ती थांबली.

पोट. सकाळी काकांनी पोट दाखवलं होतं ते वजन म्हणून नव्हे. पोट होतं तेव्हा, असं म्हणायचं होतं त्यांना! नववा महिना. रजेचा आदला दिवस. जिन्यात काकांनी हातात काहीतरी कोंबलं होतं, नखाएवढं, चिठ्ठीत गुंडाळलेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "खऱ्या.फाइली.यावर.तपासून.पाहा." तिने ते पर्समध्ये टाकलं असतं, पण त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि जे हाती लागलं ते सगळं दवाखान्याच्या बॅगेत गेलं.

बॅग उपसली मागच्या महिन्यात. रोज येणारी मैत्रीण. सात मिनिटं.

तिने घरी फोन लावला.

"आई, तुमच्या त्या मैत्रिणीला फोन द्या."

सासूबाई चोरी पकडली गेल्यासारख्या म्हणाल्या, "ती कुणाशी बोलत नाही गं. नुसतं सांगते."

"काय सांगते?"

"आत्ता छत्रीची चाललीय."

६. पाच वाजता

पावणेपाचला रिक्षातून सासूबाई उतरल्या. कडेवर नात, काखोटीला जुना टॅब, टॅबच्या कुशीत नखाएवढं मेमरी कार्ड.

"मला काय माहीत हे ऑफिसचं आहे?" त्या जिन्यापासूनच बोलत आल्या. "टॅबमध्ये सरकवलं तर बाई बोलायला लागली. टॅब बिचारा आडनाव वगैरे विचारत नाही, वाजवतो. आणि ही कारटी लगेच झोपली! म्हटलं सुनेला नको सांगायला. एवढी एक तरी विद्या आपल्याकडे राहू दे."

अकराच्या अकरा होत्या. काकांनी हेडफोन लावून एकेकीची सुरुवात ऐकली, आणि दर गोष्टीला भुवई एकदाच, शांतपणे वर गेली.

साहेब नियम तीनच्या पाटीसमोर उभे होते. इमारतीबाहेर रेकॉर्डिंग नेणाऱ्यास तत्काळ निरोप. ते पाटीकडे बघत होते आणि काका साहेबांकडे.

"काका," साहेब अखेर म्हणाले, "जरा स्टूल धरा." चढून त्यांनी आधी तिसरी पाटी काढली. थोडा विचार केला, मग चौथीही. "एकाच गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्या म्हणतो. माझ्या जबाबासारख्या."

गोष्टीमावशी बरोबर पाचला आल्या. गळ्याला मऊ स्कार्फ, हातात पाटी. वाटाडीने त्यांना खुर्ची दिली आणि कुणी काही बोलायच्या आत सगळं सांगून टाकलं. टिंब, आडनावं, हत्ती, आपली चूक. "तुमचा आवाज मी जवळजवळ पुसला होता, मावशी," ती म्हणाली. "सापडला तो माझ्या हुशारीने नाही. काकांनी नियम मोडला आणि सासूबाईंनी बॅग आवरली आणि तुमच्या गोष्टींवर लेकीला झोपवलं म्हणून."

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी पाटीवर लिहिलं: "कितव्या मिनिटाला झोपते?"

"सातव्या," सासूबाई म्हणाल्या.

मावशींनी पुसून लिहिलं: "गोष्ट बारा मिनिटांची. म्हणजे शेवट अजून कुणीच ऐकला नाही?"

काकांनी ससा लावला. खोलीभर तो मऊ, किंचित खरखरीत आवाज पसरला, जो आता पुन्हा येईल की नाही ठाऊक नव्हतं आणि जो आता चाळीस दवाखान्यांत जाणार होता. मावशी डोळे मिटून स्वतःलाच ऐकत होत्या. सातव्या मिनिटाला वाटाडीच्या खांद्यावर लेकीची मान कलली. आठव्याला भारदस्तची. घोरणं मात्र त्याच्या आवाजाला साजेसं होतं, म्हणून त्याला बाहेर नेऊन बसवावं लागलं.

एका हाताने लेकीला थोपटत वाटाडीने दुसऱ्या हाताने वाटाड्यात चार ओळी वाढवल्या. यापुढे कुठलंही दार उघडण्याआधी तो विचारणार होता: इथे आधीच कुणी राहतंय, काय करू? आणि नावात अनोळखी टिंब दिसलं तर थांबणार होता. थोरल्याला उशिरा का होईना, वळण लागलं.

ससा बाराव्या मिनिटाला घरी पोचला. मावशींनी डोळे पुसले, काकांच्या कीबोर्डकडे पाहिलं, मग दारावरच्या चिठ्ठीकडे. पाटी मांडीवर घेतली आणि शाळेतल्या मुलीसारखी जीभ बाहेर काढून, एकेक टिंब ठसठशीत देत लिहिलं:

"मध.माझा.होता."